अंगात दहा तक्रारी, निदान एकही नाही: बेळगाव सीमाभागातल्या रुग्णानं सुरुवात कुठून करावी

दिवसभर थकवा, पायांना मुंग्या, मधूनच छातीत धडधड, केस मुठीनं गळतायत, सांधे दुखतायत, झोप नाही, पोट फुगलेलं. यातली एकेक तक्रार सुटी सांगितली तर ऐकणाऱ्याला किरकोळ वाटते. सगळ्या मिळून मात्र माणसाला उठू देत नाहीत. मी यातून गेले आहे. केसांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे, गुडघ्यांसाठी हाडांच्या, धडधडीसाठी हृदयाच्या आणि चक्करेसाठी कान-नाक-घशाच्या. प्रत्येकानं आपल्या भागापुरतं तपासलं आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही होतं. शेवटी निघालं ते हे: थायरॉईडचं काम मंदावलेलं आणि अंगात बी-१२ हे जीवनसत्त्व अगदी कमी. दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. पण सगळ्या तक्रारी एकाच वेळी, एकाच डॉक्टरसमोर कधी मांडल्याच गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्या दिशेनं कुणाचा विचार गेला नाही.

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर आणि बेळगाव शहर-तालुका या पट्ट्यातल्या ज्यांना असंच काही होतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रोग ओळखणं हे डॉक्टरांचं काम. पण ते त्यांना लवकर जमावं म्हणून आपण जे करू शकतो, ते खूप आहे.

१. आधी ठरवा: घरी थांबायचं की आत्ता निघायचं

खालीलपैकी काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा. हा नंबर कर्नाटकात चालतो, महाराष्ट्रातही चालतो.

- छातीत दाब किंवा कळ, सोबत घाम, हात-जबड्याकडे जाणारं दुखणं
- तोंड एका बाजूला ओढणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘थोडं पडून बघू’ म्हणू नका
- अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी
- बसल्या जागी धाप, बेशुद्ध पडणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी
- तापात भ्रम किंवा मान ताठणं
- पायांतली ताकद जाऊन लघवी-संडासवरचा ताबा सुटणं
- जीव द्यावासा वाटणं. अशा वेळी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवरही दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं. रुग्णाला एकटं सोडू नका

दुसरी यादी दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठण्याची. कारण नसताना वजन उतरणं, दोन आठवड्यांवर गेलेला खोकला किंवा ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, कुठेही आलेली गाठ, गिळताना अडकणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं. यातला खोकला, ताप किंवा वजन उतरणं, एक जरी असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

या दोन्ही याद्यांत तुमचं काही बसत नसेल, तर वही घेऊन बसायला तुमच्याकडे वेळ आहे.

२. दोन आठवडे वही लिहा

पोराची अर्धी उरलेली शाळेची वहीसुद्धा चालेल. रोज रात्री पाच-सहा ओळी. काय झालं, किती वाजता, किती वेळ टिकलं, त्याआधी काय केलं होतं, कशानं बरं वाटलं. आणि त्या दिवशी झोप किती, जेवण काय, पाळी सुरू होती का.

त्रासाला शून्य ते दहा असे गुण द्या. ‘गुडघा ७’ असं लिहिलं की पुढच्या महिन्यात ‘गुडघा ४’ शी ताडून बघता येतं. आपली आठवण फार फसवी असते. बरं वाटत असलं की मागचं विसरतो, आणि दुखत असलं की कायमच दुखत होतं असं वाटतं.

ताप आहे असं वाटलं तर थर्मामीटर लावून आकडा लिहा, ‘कणकण’ एवढ्यावर सोडू नका. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, वजन. अंगावर चट्टा किंवा पुरळ उठलं, सांधा सुजला, तर मोबाईलवर लगेच फोटो काढा. आपला नंबर लागतो त्या दिवशी ते नेमकं मावळलेलं असतं.

आठवडाभरानंतर वही चाळली की काही जोड्या आपसूक दिसू लागतात. डोकेदुखी नेमकी उपाशी राहिलेल्या वारी. धडधड चहा-मिश्रीनंतर. सांधे सकाळी तासभर आखडलेले आणि मग मोकळे, की उलट दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी दुखरे? हा फरक डॉक्टरांना फार महत्त्वाचा असतो. सकाळचं लांबलेलं आखडणं हे सांध्यांना सूज आणणाऱ्या आजारांकडे, म्हणजे आमवातासारख्यांकडे बोट दाखवतं. कामानंतरचं दुखणं बहुधा झिजेकडे.

३. ‘कसंतरी होतंय’ याचे तुकडे करा

आपल्याकडे एका ‘चक्कर’ शब्दात चार वेगळ्या गोष्टी भरलेल्या असतात. घर गरगर फिरतंय असं वाटतं? त्याचा संबंध बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागाशी असतो. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? तिथं रक्तदाब, रक्ताची कमतरता, पाणी कमी पडणं, एखादी गोळी, हे बघावं लागतं. चालताना तोल जातो, अंधारात जास्त जातो? ते पायांच्या नसांचं असू शकतं, बी-१२ कमी पडलं की होतं. आणि डोकं नुसतं हलकं, पोकळ वाटणं हे आणखी निराळं. डॉक्टरसमोर ‘चक्कर येते’ एवढंच म्हटलं तर गोळी बहुधा पहिल्या प्रकारावरची मिळते.

अशक्तपणाचंही तसंच. झोप झाली तरी ताजंतवानं न वाटणं वेगळं, आणि बसल्यावर हात न टेकता उठता न येणं वेगळं. दुसरं स्नायूंचं लक्षण आहे, ते स्पष्ट सांगा. दुखणं असेल तर ठणका की चमक की जळजळ, एका जागी की पसरणारं, हेही सांगा.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर बऱ्याचदा कन्नडच बोलतात. काही शब्द कामाला येतात: नोवु म्हणजे दुखणं, उरि म्हणजे जळजळ, जोमु म्हणजे मुंग्या किंवा बधिरपणा, सुस्तु म्हणजे थकवा, तले सुत्तु म्हणजे चक्कर. कन्नड शाळेत शिकलेलं घरातलं कुणी असेल तर सोबत न्या. पण पाळीबद्दल, संडास-लघवीबद्दल किंवा घरातल्या त्रासाबद्दल बोलायचं असेल, तर सोबतच्याला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगायला संकोच करू नका. सासूसमोर सून जे बोलणार नाही, त्यातच कधीकधी उत्तर असतं.

४. एका पानावर काळाची ओळ

वहीच्या शेवटच्या पानावर उभी रेघ मारा. वर जुनं, खाली नवं. पहिली तक्रार कधी सुरू झाली, मग कुठली. तारीख आठवत नसेल तर गणपती, ऊस तोडणी, धाकट्याचं बारसं अशा खुणा घाला. त्याच रेघेच्या दुसऱ्या बाजूला त्या काळात घडलेलं लिहा: बाळंतपण, ऑपरेशन, मोठा ताप, नवी गोळी, कामात बदल, घरातलं जाणं, कर्ज.

या एका पानानं डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. चिकुनगुनियानंतर सांधे कित्येक महिने दुखू शकतात, कोविडनंतर थकवा आणि धडधड रेंगाळू शकते, बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईड बिघडू शकतं. क्रम दिसला की हे लक्षात येतं, सुट्या तक्रारींत येत नाही.

घरातले आजारही इथंच लिहा. आई-बहिणीला थायरॉईड, वडिलांना साखर, कुणाला क्षय, कुणाला आमवात.

५. काम, ताट आणि गोळ्या: इथं काहीच गाळू नका

आपल्या भागात हा टप्पा सगळ्यात जास्त उत्तरं देतो, आणि विचारला सगळ्यात कमी जातो. शहरातल्या डॉक्टरांना तुमचा दिवस कसा जातो हे दिसत नाही. त्यांना ते सांगा.

निपाणीकडे तंबाखूच्या शेतात काम असेल, तर दवानं ओल्या झालेल्या पानांमधून निकोटीन कातडीवाटे अंगात शिरतं. मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर, घाम. काही तासांत सुरू होतं आणि काम थांबवल्यावर एक-दोन दिवसांत उतरतं. वहीत कामाचे दिवस मांडलेले असतील तर ही जोडी लगेच दिसते. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, आणि भिजलेले कपडे लगेच बदलणं यानं त्रास पुष्कळ कमी होतो. विड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूची धूळ, खाली बसून तासन्‌तास वाकलेली पाठ आणि बोटांचा सततचा वापर, अशा तीन वेगळ्या कारणांचे त्रास एकत्र भेटतात.

उद्यमबागेत फौंड्रीत काम केलं असेल, अगदी काही वर्षांपूर्वी सोडलं असेल, तरी सांगा. वाळूच्या बारीक धुळीनं फुप्फुस कडक होतं आणि धाप बऱ्याच वर्षांनी सुरू होते. वडगाव-शहापूरच्या मागावर आयुष्य गेलेल्यांनी कापसाच्या धुळीचं आणि आवाजाचं सांगावं. शेतात फवारणी करत असाल तर औषधाच्या डब्याचा किंवा लेबलचा फोटो सोबत ठेवा. फवारणीनंतर डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, पोटात मुरडा, असं झालं तर ती विषबाधा असू शकते. तेव्हा पुढची तारीख धरायची नाही, तडक दवाखाना.

घरी गुरं आहेत? निरसं दूध पिता? गाय-म्हैस व्याली तेव्हा वार हातानं काढलीत का? जनावरांकडून येणारा ब्रुसेलोसिस नावाचा आजार आहे. ताप येतो-जातो, घाम सुटतो, कंबर आणि सांधे धरतात, आठवडेच्या आठवडे माणूस मलूल. त्याची रक्ततपासणी वेगळी मागवावी लागते, आणि गुरांचा उल्लेख झाला नाही तर ती मागवली जाण्याची शक्यता कमी.

खानापूरच्या जंगलात किंवा काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरीकडे किंवा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे मजुरीला जाणाऱ्यांनी गोचीड चावल्याचं, मेलेलं माकड पाहिल्याचं जरूर सांगावं. माकडतापाचे रुग्ण या पट्ट्यात सापडले आहेत. तो एकदम चढणारा ताप आहे, महिनोन्‌महिने रेंगाळणारा थकवा नव्हे, पण तापानंतरची अशक्तता समजून घेताना ही माहिती लागते.

आता ताट. माळकरी, लिंगायत, जैन अशी मांसाहार न करणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. बी-१२ निसर्गात फक्त प्राण्यांपासूनच्या अन्नात असतं, म्हणजे शाकाहाऱ्याला ते दूध-दही-ताकातूनच मिळणार. आणि घरात दोन म्हशी असल्या तरी दूध डेअरीला जातं, घरात राहतं ते चहापुरतं. माझ्या बाबतीत हेच होतं. त्यामुळे ‘आमच्याकडे दूधदुभतं आहे’ असं सांगू नका. ‘मी स्वतः दिवसाला किती पिते’ ते सांगा. बायकांनी हेही सांगावं की सगळ्यांचं झाल्यावर आपल्या ताटात भाजी उरते का, उपास किती, चहा किती. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पाळीत किती दिवस, किती कापड किंवा पॅड, गाठी पडतात का, हेही लिहा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. थकवा, धाप, धडधड, केस गळणं, डोकेदुखी, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, या सगळ्याच्या मुळाशी तेवढं एकच कारण असू शकतं.

आणि गोळ्या. घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, काढे, मलमं एका पिशवीत घालून पिशवीच डॉक्टरसमोर ठेवा. काही उदाहरणं सांगते. साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. ॲसिडिटीची रोजची गोळी लांबली की तेच. रक्तदाबाच्या अम्लोडिपिननं घोटे सुजतात, काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात. डोकेदुखीची गोळी महिन्यात वरचेवर घेतली तर तीच डोकेदुखी वाढवते. यातली कुठलीही आपल्या मनानं बंद करू नका, फक्त डॉक्टरांना दाखवा.

सांधेदुखीवर बिननावाच्या पुडीतून मिळणाऱ्या ‘जडीबुटी’बद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण आला, तोंड गोल झालं, भूक वाढली, तर त्यात स्टेरॉईड असण्याची दाट शंका घ्या. आणि तीही एकदम बंद करू नका, कारण बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉईड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी डॉक्टरांकडे न्या.

६. एक डॉक्टर धरा

आधी अवयवाचा तज्ज्ञ नको. जनरल मेडिसिनचे एम.डी. गाठा, ज्यांना आपण फिजिशियन म्हणतो. सगळं अंग एकत्र बघण्याचं शिक्षण त्यांचं असतं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय, आणि नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल इथं मेडिसिनची ओपीडी असते. सरकारी ठिकाणी गर्दी असते, तरी पहिल्या तपासण्यांचा खर्च तिथं कमी येतो. कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत राज्याच्या आत सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा.

गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांना सोडून द्यायचं नाही. ते घर ओळखतात. त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन जा आणि परत येऊन रिपोर्ट त्यांनाही दाखवा.

डॉक्टरसमोर बसल्यावर पहिल्या मिनिटात तीन गोष्टी सांगा: सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तो कधीपासून, आणि त्यामुळे कुठलं काम थांबलंय. ‘घागर उचलता येत नाही’, ‘जिना एका दमात होत नाही’ हे ‘फार थकवा’पेक्षा नेमकं समजतं. मग वहीचं शेवटचं पान पुढे करा. वहीच्या जोड्या आणि काळाची ओळ डॉक्टरांच्या हातात द्या, निदान मात्र आधी सांगू नका. ‘मला थायरॉईडच आहे’ म्हणून सुरुवात केली की चर्चा तेवढ्याचीच होते.

कोल्हापूर, मिरज, हुबळी, गोव्यातलं बांबोळी ही मोठी ठिकाणं आपल्याला जवळ आहेत खरी, पण तिथं दुसऱ्या टप्प्यात जा, पहिल्या तपासण्यांची फाईल हातात घेऊन. चार शहरांत चार अर्धवट फाईली झाल्या की कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही.

७. पहिल्या तपासण्या, आणि त्या कशा बिघडतात

डॉक्टर तुमच्याप्रमाणे कमी-जास्त करतील, पण अशा तक्रारींत पहिल्या फेरीत साधारण हे येतं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉईडसाठी), उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, ईएसआर (अंगातल्या सुजेचा अंदाज), लघवी, बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा). धडधडीला ईसीजी, खोकल्याला छातीचा एक्स-रे.

इथं काही बारकावे आहेत.

बी-१२चं इंजेक्शन किंवा ‘ताकदीची सुई’ तपासणीआधी घेऊ नका. रक्तातला आकडा वर जातो आणि मूळ कमतरता झाकली जाते. आपल्याकडे थकवा म्हटला की सलाईन आणि पिवळी सुई ठरलेली, म्हणून हे मुद्दाम सांगते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

बायकांत हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पण ते का कमी झालं, हा पुढचा प्रश्न विचाराच. सीबीसीत एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो तांबड्या पेशींचा आकार सांगतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, ८० च्या खाली. बी-१२ कमी असेल तर मोठ्या, १०० च्या वर. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी मधेच येते आणि आकडा नॉर्मल दिसतो. आपल्याकडच्या शाकाहारी बायकांत हे सहज घडू शकतं. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही बी-१२ अभावी नसांना इजा होऊ शकते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारतं पण नसांचं नुकसान चालूच राहतं, म्हणून हातापायांना मुंग्या असतील तर बी-१२ बघितल्याशिवाय राहू नका.

पुरुषांत, किंवा पाळी गेलेल्या बायकांत लोह कमी निघालं, तर रक्त कुठून जातंय हे शोधावंच लागतं, बहुधा पोट आणि आतडी. नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर समाधान मानू नका.

जाहिरातीतल्या ‘फुल बॉडी’ पॅकेजला माझा विरोध आहे. पन्नास-साठ आकड्यांत एक-दोन किंचित इकडेतिकडे येतातच, आणि मग त्यांच्यामागे धावण्यात पैसा आणि झोप दोन्ही जातं. एएनए नावाची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटली आहे का हे बघणारी चाचणी त्यात असली तर विशेष जपून. ती निरोगी माणसांतही हलकी पॉझिटिव्ह येते. तोंडात फोड, उन्हात चेहऱ्यावर चट्टे, सुजलेले सांधे अशी लक्षणं असताना डॉक्टरांनी सांगितली तरच तिला अर्थ आहे.

शक्यतो एकाच लॅबमध्ये जा आणि मूळ रिपोर्ट मागून घ्या.

८. सगळं नॉर्मल आलं तर

हा सगळ्यात अवघड मुक्काम आहे. घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाही तुला.’ कुणी म्हणतं, ‘अक्का, टेन्शन घेऊ नका.’ कुणी करणी-बाधेचं सुचवतं. रुग्ण एकटा पडतो.

रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ त्या तपासण्यांत दिसणारे आजार नाहीत, एवढाच. मायग्रेन, आतड्यांची चिडचिड म्हणजे आयबीएस, अंगभर दुखणारा फायब्रोमायल्जिया, विषाणूनंतरचा दीर्घ थकवा, यांपैकी कुठलाही साध्या रक्ततपासणीत दिसत नाही. लक्षणांच्या वर्णनावरून आणि इतर गोष्टी वगळूनच ते ओळखतात. रात्री घोरणं, मधेच श्वास अडकणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतला श्वासाचा आजार असू शकतो. त्याची तपासणी झोपेत होते, म्हणून घोरण्याचं घरच्यांना विचारून घ्या.

मनाचा भाग आला की आपण लगेच बिचकतो. पण शरीरात काय घडतं ते बघा. भीतीच्या झटक्यात श्वास वेगानं होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि त्यानं ओठांभोवती, बोटांत खरोखर मुंग्या येतात, छाती आवळते. यात ढोंग कुठं आहे? नैराश्यात तर आपल्याकडची माणसं ‘मन उदास आहे’ असं क्वचितच म्हणतात. डोकं जड, अंग मोडून येतंय, भूक नाही, पहाटे जाग येते, असंच सांगतात. फिजिशियननं मानसोपचाराची चिठ्ठी दिली तर जा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आपल्यापासून फार लांब नाही. अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी कमी मात्रेत दुखण्यासाठी आणि मायग्रेनसाठीही देतात, इंटरनेटवर ‘डिप्रेशनची गोळी’ वाचून ती फेकून देऊ नका.

पण उलटही खरं. ‘टेन्शन’चा शिक्का बसला म्हणून नवं लक्षण आलं तरी कुणी बघायचंच नाही, असं होऊ देऊ नका. काही आजार सुरुवातीला अस्पष्ट असतात आणि काही महिन्यांनी उघड होतात. ‘पुन्हा कधी दाखवू, आणि काय झालं तर त्याआधी येऊ?’ हे विचारूनच खुर्ची सोडा.

बाळूमामांचा भंडारा लावा, यल्लम्माला जाऊन या, मनाला धीर येत असेल तर चांगलंच आहे. फक्त त्यासाठी गोळी थांबवू नका, आणि पैसे मागून बाधा काढणाऱ्याच्या दारात जाऊ नका.

९. कागद

एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, जुनं खाली आणि नवं वर:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, असल्यास आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक)
- सगळे रिपोर्ट, चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, आणि त्यांचे मोबाईलवर फोटो
- वही आणि काळाची ओळ
- गोळ्यांची पिशवी
- कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ते वरच्या पानावर लाल शाईनं

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, एपीएल कुटुंबाला खर्चाचा काही भाग. ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाहेरून दाखवणं आणि रक्ततपासण्या यांचा खर्च त्यात निघेल असं गृहीत धरू नका. मोठ्या उपचारासाठी खासगीत जाताना सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी लागते, तातडीच्या प्रसंगी सूट आहे. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कोल्हापूरकडे जायचं असेल तर निघण्याआधीच त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, फोन करून आपलं गाव यादीत आहे का आणि कुठले कागद लागतील ते विचारा. बांबोळीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क पडतं, तेवढे पैसे जवळ ठेवा.

१०. उपचार सुरू झाल्यावर

कारण सापडलं तरी गुण लगेच येत नाही, आणि इथंच पुष्कळजण औषध सोडतात. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. मात्रा बरोबर आहे का हे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून कळतं. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते, घाबरू नका; डांबरासारखी असेल तर मात्र सुरुवातीला सांगितलं तसं लगेच निघा. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला त्या आणखी साधारण तीन महिने लागतात. बी-१२ सुरू केल्यावर थकवा आधी हटतो, मुंग्यांना महिने लागतात, आणि फार जुनी इजा असेल तर थोडी राहूही शकते.

वही चालू ठेवा, पण आता आठवड्यातून एकदाच. रोज स्वतःचं अंग तपासत बसलं की साधी उचकीही मोठी वाटू लागते.

तीन महिने औषध नीट घेऊनही वहीतले गुण खाली आले नसतील, तर डॉक्टर बदलण्याआधी त्याच डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा: निदान अजून तेच वाटतं का? याच्या जोडीला दुसरं काही असू शकतं का? मी गोळी घेते ती पद्धत बरोबर आहे का? आणि आता कुठल्या तज्ज्ञाकडे, कशासाठी पाठवाल? उत्तरं चिठ्ठीवर लिहून मागा आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.